लिफ्ट कोण वापरतं

लिफ्ट बंद पडली नव्हती, बंद केली होती. हा फरक मोजपट्टीने इमारतीतल्या प्रत्येकाला समजावून सांगितला आणि प्रत्येकाने तो धापा टाकत ऐकून घेतला. बंद पडणं हा यंत्राचा स्वभाव आहे, बंद करणं हा माणसांचा. पण वर चढून आलेल्या माणसाला जिन्याच्या तोंडाशी गाठून असले फरक सांगू नयेत, हे पदार्थविज्ञानाची पदवी घेताना तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मोजपट्टी हे नाव आत्याने ठेवलेलं. लहानपणी ही मुलगी दुधाच्या पेल्यात पट्टी बुडवून साय किती जाड आली ते बघायची आणि मग दूध प्यायचं राहूनच जायचं. पट्टी सुटली, स्वभाव राहिला. आता ती नोकरदारांसाठी रोजच्या इंग्रजीची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात चिकटली होती. ‘चिकटली’ हा शब्द बाबांचा. खरं म्हणजे डिंक अजून ओला होता. नोकरी कायम व्हायची तर एक धडा लिहून दाखवायचा होता, आणि तो संपादकबाईंना पसंत पडायला हवा होता. संपादकबाईंना काही पसंत पडल्याचं त्या ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं.

धड्याचा विषय ऐकायला साधा होता. हार्डली, बेअरली, ओन्ली, जस्ट, ऑलमोस्ट असे क्रियेला लगाम घालणारे शब्द रोजच्या बोलण्यात कोणत्या क्रियापदांशी जोडी जमवतात ते दाखवायचं.

“डिक्शनरीतली वाक्यं मला नकोत,” संपादकबाई म्हणाल्या. “तशी वाक्यं फक्त डिक्शनरी बोलते. माणसं काय बोलतात ते घेऊन या.” आणि त्यांनी तिच्या हातात एक छोटा रेकॉर्डर ठेवला.

मोजपट्टीला विषय फार आवडला, आणि इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली. तिच्या मते ही सरळसरळ रसायनशास्त्राची भानगड होती. ‘हार्डली’ला नो, हिअर, नोटिस, स्लीप अशी शांत स्वभावाची क्रियापदं मानवतात. त्यांच्याशेजारी बसून तो त्यांची वात बारीक करतो, पुरती विझवत नाही. ‘बेअरली’ बहुतेक मॅनेज, सर्व्हाइव्ह असल्या, संकटातून कशाबशा बाहेर पडलेल्या मंडळींबरोबर दिसतो. ‘जस्ट’ हायड्रोजनसारखा, कुणाशीही जमवून घेतो. आणि ‘ओन्ली’ बसतो क्रियापदाच्या मांडीला मांडी लावून, पण बोट दाखवतो वाक्याच्या टोकाला असलेल्या भलत्याच शब्दाकडे. असं ती जेवताना समजावून सांगत होती, तेव्हा आई म्हणाली, “हे सगळं खरं असेल गं, पण भाजी गार होतेय.”

पहिला प्रयोग घरीच झाला. रेकॉर्डर टेबलावर ठेवल्याबरोबर आईने बोलणं बंद केलं. बाबांनी मात्र घसा साफ करून इंग्रजीत, ऑफिसातून निवृत्त होताना केलेलं भाषण पुन्हा सुरू केलं आणि ‘लेडीज अँड जंटलमेन’ म्हणत आईकडे आणि आत्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्यात लगाम घालणारा एकही शब्द नव्हता. बाबांनाच लगाम नव्हता.

“तू असं काहीही बोलू दिलंस तर लोक काहीही बोलतील,” शेजारच्या काकू म्हणाल्या. त्या दार उघडं असलं की आत येत आणि बंद असलं की बेल वाजवून आत येत. “सगळ्यांना एकच प्रश्न विचार. मुलाखतीत विचारतात तसा.”

हा सल्ला मोजपट्टीला शास्त्रीय वाटला. प्रश्न स्थिर ठेवायचा, माणसं बदलायची. प्रश्न मात्र असा हवा, की ज्यात कुणाचाच स्वार्थ गुंतलेला नाही. तब्येतीचं विचारावं तर लोक थांबत नाहीत. राजकारण काढलं तर दार लावून घेतात. हवामानाबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता, सगळ्यांचं सारखंच असतं. पुष्कळ विचार करून तिने जगातला सर्वांत निरुपद्रवी प्रश्न शोधून काढला: तुम्ही लिफ्ट किती वापरता?

आदल्याच संध्याकाळी खाली वाहनतळात इमारतीची बैठक झाली होती. तिथे काय झालं असं आईने विचारल्यावर बाबा म्हणाले होते, “नेहमीचंच.” नेहमीचं काय होतं ते असं. लिफ्टचा वार्षिक परवाना संपत आला होता, आणि नव्या नियमानुसार रहिवाशांपैकी एकाने ‘जबाबदार व्यक्ती’ व्हायचं होतं. जबाबदार व्यक्तीने किल्ली बाळगायची, गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत चढून पाहायचं, निरीक्षकांच्या कार्यालयात खेपा घालायच्या आणि कुणी मधेच अडकलं की हातातलं काम टाकून त्याला सोडवायचं. सेक्रेटरींनी सुचवलं, की जो लिफ्ट सर्वांत जास्त वापरतो त्यानेच हे करावं. त्यानंतर बैठक दोन मिनिटांत संपली आणि सगळे, सेक्रेटरीसुद्धा, जिन्याने वर गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी हातात रेकॉर्डर घेऊन दारोदार विचारत निघाली: तुम्ही लिफ्ट किती वापरता?

रेकॉर्डर पाहून लोक आपोआप इंग्रजीत शिरत, त्यामुळे तिचं काम सोपं झालं. चौथ्या मजल्यावरचे दंतवैद्य तिला लिफ्टमध्येच भेटले. एका हाताने दार धरून ते म्हणाले, “आय हार्डली यूज इट,” आणि बटण दाबून खाली गेले. काकू म्हणाल्या, “वी ओन्ली सेंड द ग्रोसरीज.” म्हणजे काकू जिन्याने येतात आणि त्यांचा किराणा एकटा लिफ्टने येतो, असं दृश्य मोजपट्टीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, पण तिचं लक्ष ‘ओन्ली’वर होतं. तो ‘सेंड’ला खेटून बसून बोट किराण्याकडे दाखवत होता. इतका सुंदर नमुना तिने यापूर्वी पाहिला नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, “आय जस्ट चेक इट.” ते लिफ्टने जात नाहीत, लिफ्ट तपासतात. सकाळी कामाला जाताना खालच्या दिशेने तपासतात आणि संध्याकाळी परतताना वरच्या. बाकीच्या बहुतेक दारांत दंतवैद्यांचंच ‘हार्डली यूज’ पुन्हा ऐकू आलं. घरी बाबांनी तर कमालच केली. “आय बेअरली रिमेंबर वी हॅव वन,” ते म्हणाले.

“काल मला ओढत नेऊन लिफ्टमधल्या आरशासमोर टाय सारखा करत होतात,” आई म्हणाली.

“मराठी वाक्यं नकोत, आई.”

उरली आत्या. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळ्या जगाची इंग्रजी तिने कानाला लावून ऐकली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती या सहाव्या मजल्यावरच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत असे, आणि रोज दुपारी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या बाकावर आपल्या जुन्या मैत्रिणीला भेटून येई. दोघी मिळून साऱ्या एक्स्चेंजची जुनी भांडणं पुन्हा भांडत.

“आय यूज इट एव्हरी डे,” आत्या म्हणाली.

मोजपट्टी थांबली. “आत्या, जरा दुसऱ्या तऱ्हेने सांग ना.”

“दुसऱ्या तऱ्हेने कसं सांगू? वापरते म्हणजे वापरते.”

“यात हार्डली नाही, ओन्ली नाही, काहीच नाही. हे माझ्या अभ्यासाच्या कक्षेत बसत नाही.”

“मग राहू दे बाई तुझ्या कक्षेबाहेर,” आत्या म्हणाली आणि खाली जायला लिफ्टकडे निघाली.

तर अशा रीतीने संपूर्ण इमारतीत खरं बोललेल्या एकमेव बाईचं वाक्य शास्त्रीय कारणास्तव वगळण्यात आलं. बाकीच्यांचा मोजपट्टीने तक्ता केला. नावं घातली नाहीत, कारण नमुन्यांची गोपनीयता पाळायची असते. रेघा मात्र अशा आखल्या की बघत राहावं.

तो तक्ता सेक्रेटरींनी मागितला. कुणीतरी आपलं संशोधन मागतंय, या आनंदात तिने तो कशासाठी हवा ते न विचारता देऊन टाकला. जबाबदार व्यक्ती मिळेपर्यंत सेक्रेटरींना निरीक्षकांची तपासणी पुढे ढकलून हवी होती. त्यांनी अर्ज केला, की आमच्या इमारतीत लिफ्ट जवळजवळ वापरात नाही, तरी सवड द्यावी. सोबत पाहणीचा तक्ता जोडला आहे. पाण्याच्या तक्रारीला वर्षभर उत्तर न देणारी यंत्रणा या अर्जावर लगोलग हलली. एक माणूस आला, त्याने वापरात नसलेली लिफ्ट सुरक्षिततेसाठी बंद केली, दाराला कुलूप घातलं, कुलपावर लाखेची मोहोर ठोकली आणि जिना किती चांगला आहे असं म्हणून निघून गेला.

त्याच दिवशी संपादकबाईंनी धड्याचा कच्चा खर्डा परत केला.

“तुमच्या माणसांना वापरण्यापलीकडे काही येतं का?” त्यांनी विचारलं. “हार्डली यूज, हार्डली यूज, हार्डली यूज. जोड्या दाखवा म्हटलं होतं, तुम्ही एकच नवरा सगळ्यांना दिलात. शुक्रवारी सकाळी मला नवीन खर्डा हवा. नाहीतर मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे काय, हे ओल्या डिंकालाही कळतं.

घरी पोचेपर्यंत इमारत तिच्यावर उलटली होती. “तक्ता तू केलास, अर्ज तूच घेऊन जा,” सेक्रेटरी म्हणाले. ज्या माणसाने तो तक्ता जोडला त्याने हे म्हणावं, याचा मोजपट्टीला संताप आला. पण तिसऱ्या मजल्यावर उभं राहून संतापायला लागणारा श्वास तिच्याकडे नव्हता. लिफ्ट पुन्हा सुरू करावी असा अर्ज तिने लिहिला, बॅगेत घातला, आणि दुसऱ्या दिवशी तो देण्यासाठी जिना उतरू लागली.

आणि तिच्या कानावर इंग्रजी पडू लागलं.

दंतवैद्य कठड्याला टेकून फोनवर पेशंटला सांगत होते, “आय कॅन हार्डली ब्रीद, स्टार्ट रिन्सिंग विदाउट मी.” काकू पायरीवर बसून आपल्या परदेशातल्या जावयाला कळवत होत्या, “आय ओन्ली केम डाउन फॉर मिल्क.” सेक्रेटरी ऑफिसला फोन करत होते, “आय ऑलमोस्ट फेल, सर, आय बेअरली मॅनेज्ड टु होल्ड द रेलिंग.” वर बाबा कुणाला तरी ओरडून सांगत होते, “आय जस्ट सॅट डाउन.”

मोजपट्टी जागच्या जागी खिळली. ब्रीद, कम, फॉल, मॅनेज, सिट. परवापर्यंत एकाच क्रियापदावर जगणारी ही माणसं जिन्यावर येताच भडभडा बोलू लागली होती. तीच माणसं, तेच शब्द, आणि लगाम मात्र आता भलत्याच घोड्यांना. तिने अर्ज बॅगेत खाली सरकवला आणि रेकॉर्डर वर काढला.

त्या दिवसापासून ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर स्टूल टाकून बसू लागली. लोकांना वाटलं, पश्चात्ताप झाला असावा. काकूंनी तिला पाठीमागे उशी आणून दिली.

“अर्ज दिलास का गं?” आत्याने पहिल्या संध्याकाळी विचारलं.

“देतेच आहे.”

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा विचारलं. “जवळजवळ दिलाच,” मोजपट्टी म्हणाली.

आत्या म्हणाली, “एक्स्चेंजमध्ये मला लोक सांगायचे, लाइन जवळजवळ लागली आहे. ती लागलेली नसायची.”

मोजपट्टीला बोचलं. पण खर्डा भरत आला होता. लिफ्ट आणखी थोडे दिवस बंद राहिली तर नोकरी पक्की होती. उघडली तर सगळे पुन्हा ‘हार्डली यूज’वर जाणार होते. आत्या खिडकीत बसून होती. कोपऱ्यावरचा बाक वरून दिसत होता, आणि बाकावर आत्याची मैत्रीण एकटीच बसून वर बघत होती. मधूनच हात हलवत होती. इतक्या लांबून भांडता येत नाही.

तिसऱ्या दुपारी मोजपट्टी स्टुलावर होती. वरून हळूहळू पावलं येऊ लागली. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग कठड्यावर हात घासल्याचा आवाज. आत्या. वळणावर पोचल्यावर ती मोजपट्टीच्या स्टुलाकडे बघत उभी राहिली, तेव्हा मोजपट्टी उठली आणि आत्या बसली. रेकॉर्डर दोघींच्या मधे चालूच होता.

“किती खाली आले मी?”

“निम्म्याच्या पुढे.”

“मग आता ना वर जाता येत, ना खाली.” आत्याने गुडघे चोळले. “काय बोलू सांग. तुझ्या कक्षेत बसेल असं. आय कॅन हार्डली स्टँड. चालेल?”

वाक्य उत्तम होतं. मोजपट्टीने आयुष्यात पहिल्यांदा एक उत्तम नमुना पुसून टाकला. मग तिने दंतवैद्यांना आणि सेक्रेटरींना हाका मारल्या, खुर्ची मागवली, आणि तिघांनी मिळून आत्याला खुर्चीसकट वर नेलं. “हळू,” आत्या सांगत होती, “मी किराणा नाही.” काकू मागून उशी घेऊन चालत होत्या आणि कुणाकडे बघत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांचं कार्यालय शोधण्यातच अर्धी सकाळ गेली. लिफ्टला तिथे उद्वाहन म्हणतात, त्यामुळे रस्त्यात कुणाला पत्ता विचारून उपयोग नसतो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, फाइल काढली आणि तक्ता वर धरला.

“हा कोणी केला?”

“मी.”

“फार छान आहे. इतका स्वच्छ तक्ता इथे कधी आला नाही. त्यामुळेच साहेबांना लगेच बंद करता आली.” एवढ्या दिवसांत तिच्या कामाचं कौतुक झालं ते एवढंच. “पण आता यात कुणीच वापरत नाही म्हटल्यावर सुरू कशी करणार? जो नियमित वापरतो त्याने निरीक्षकांसमोर तसं समक्ष सांगायचं. तोच मग जबाबदार व्यक्ती. यंत्राच्या खोलीत चढता येणारा हवा. शुक्रवारी सकाळी साहेब येतील.”

“शुक्रवारी सकाळी मला ऑफिसात—”

“नाहीतर मग बघू,” कारकून म्हणाला.

तिने संपादकबाईंना फोन करून सगळं सांगितलं. मग संपादकबाई म्हणाल्या, “पत्ता सांगा. तुमच्या माणसांना एकदा बघायचंच आहे.” आणि पत्ता घेऊन त्यांनी फोन ठेवला. भेटायचं खाली आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सगळी इमारत खाली, अंगणाकडे उघडणाऱ्या लिफ्टच्या दाराशी, कुलपाभोवती जमली. निरीक्षक आले. त्यांनी मोहोर तपासली आणि मराठीतच विचारलं, “ही लिफ्ट नियमित कोण वापरतं?”

गेले काही दिवस लिफ्टसाठी जिन्यावर विव्हळणारी मंडळी एकदम गप्प झाली. दंतवैद्यांनी घड्याळ पाहिलं. “आय हार्डली...” ते पुटपुटले. काकूंना अचानक वर गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. सेक्रेटरी म्हणाले, की ते फक्त तपासतात. बाबांनी लिफ्टच्या दाराकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं. सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून आत्या ओरडली, “मी वापरते,” पण निरीक्षकांनी मान हलवली. यंत्राच्या खोलीत चढता येणारी व्यक्ती हवी होती.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरत आल्या, लालबुंद, एक हात कठड्यावर आणि एक छातीवर. संपादकबाई. त्या गर्दीच्या मागून, कुणाच्या लक्षात न येता सहा मजले चढून, दार वाजवून, आत्याकडून पाणी पिऊन परत खाली आल्या होत्या. “आय बेअरली मेड इट,” त्या कुणालाच उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या.

निरीक्षक कागदाची घडी घालू लागले. मोजपट्टीला वर पाहायचं नव्हतं, तरी तिने पाहिलं. खिडकीत आत्या होती. कोपऱ्यावर बाकावर आत्याची मैत्रीण होती. मोजपट्टीने खिशातला रेकॉर्डर चालू आहे का ते चाचपलं. नव्हता. तो तिने तसाच राहू दिला.

“आय यूज इट,” ती म्हणाली. “एव्हरी डे. मराठीतही सांगते. मी वापरते. सही कुठे करायची?”

कुलूप निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्याच क्षणी लिफ्टमध्ये शिरण्यासाठी ढकलाढकली केली. सगळ्यांत आधी दंतवैद्य आत होते.

संपादकबाई पायरीवर बसून, मोजपट्टीने हातात दिलेला नवा खर्डा वाचत होत्या. एकदा त्यांनी मान हलवली. कशासाठी ते कळलं नाही. “आता तुम्ही बोललात ते रेकॉर्ड केलंत?”

“नाही. त्यात लगाम घालणारा शब्दच नव्हता.”

“अहो, मग बाकीचे लगाम कशाला घालतात ते वाचणाऱ्याला कळणार कसं? मोकळं वाक्य आधी दाखवायला नको? पहिल्या पानावर टाका. आणि सोमवारी टेबल घ्या खिडकीजवळचं. बाकी बघू.” त्या ‘बाकी बघू’त डिंक वाळला, हे मोजपट्टीला घरी जाऊन आईने समजावून सांगितल्यावर कळलं.

पहिल्या पानावर तिने आत्याचं वाक्य घातलं. स्वतःचं नाही. आत्याचं आधीचं होतं.

किल्ली आता तिच्या गळ्यात असते. सोमवारी ती नव्या टेबलाच्या ओढीने लवकर निघाली, तर लिफ्टची घंटा वाजू लागली, आणि थांबेना. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली होती. जाळीतून दंतवैद्यांचे बूट दिसत होते, आणि त्यांच्याशेजारी काकूंची किराण्याची पिशवी आणि काकूंच्या चपला, काकूंसकट.

“आधी उघड गं,” काकू आतून म्हणाल्या.

“हे बघा,” दंतवैद्य म्हणाले, “खरं म्हणजे आय हार्डली—”

“एक मिनिट, डॉक्टर,” मोजपट्टी म्हणाली, आणि किल्ली काढण्याआधी तिने रेकॉर्डर काढला. “आता सावकाश, पहिल्यापासून सांगा.”